मदत हवी आहे: बीपी, मूत्रपिंड आणि तोरांचे (कोवळ्या कैऱ्यांचे) लोणचे

गोव्यातल्या डिचोली-साखळी भागात लघवीतील अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन (शरीरातला टाकाऊ पदार्थ) यांचे गुणोत्तर कुठे तपासून मिळेल? साधी लघवी तपासणी नको, थोडेच अल्ब्युमिन असले तर ते तिच्यात दिसत नाही. रुग्णाचे वय ५८, बीपी महिनाभर १६०/१०० च्या आसपास, रक्तातले क्रिएटिनिन १.४. एवढ्या दाबाने मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या जाड होतात, गाळणी झिरपते, आणि दुखत मात्र काहीच नाही. गुणोत्तर ३० च्या वर आले तर डॉक्टर टेल्मिसार्टन (बीपीचे औषध) देणार. त्याने पोटॅशियम वाढू शकते, म्हणून दोन आठवड्यांनी पोटॅशियम, क्रिएटिनिन पुन्हा बघायचे. तेही तिथेच होते का?

आणि पेजेबरोबर तोरांचे लोणचे, सुकी मासळी सुटत नाही! दिवसाला ५ ग्रॅम मिठात बसेल असे तोंडी लावणे सुचवा. पोटॅशियमवाले 'कमी सोडियम' मीठ नको, या औषधाबरोबर ते धोक्याचे.