एक दिवसाचे वाटप की वर्षभराचा पुरवठा? मंडळाच्या निधीविषयी एक प्रस्ताव

धागा : मालव-कन्या

गणेशोत्सवात इंदूरची आपली मराठी मंडळे वस्त्यांमध्ये साबण, टूथपेस्ट आणि सॅनिटरी पॅड यांच्या पिशव्या वाटतात. वाटणाऱ्यांच्या हेतूविषयी मला आदर आहे. पण पॅडचे पाकीट एका पाळीत संपते, साबणाची वडी महिन्याभरात विरघळते, आणि पुढचे अकरा महिने त्या घरातली मुलगी पुन्हा जुन्या कापडावर येते. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग अनेक वर्षे देशात पहिल्या आलेल्या शहराने रस्त्याची स्वच्छता जितकी मनावर घेतली, तितकी शरीराची घेतली नाही, असे मला तीव्रतेने वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते २४ वयोगटातल्या, पाळीत स्वच्छ साधने वापरणाऱ्या मुलींचे प्रमाण देशात ७८ टक्के होते, तर मध्य प्रदेशात ६१ टक्क्यांच्या आसपास.

माझा प्रस्ताव असा आहे : वाटप थांबवावे आणि त्याच निधीतून एका वस्तीत, एखाद्या बाईच्या किराणा दुकानात, जनऔषधी केंद्रांतले (म्हणजे स्वस्त औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानांतले) ‘सुविधा’ पॅड वर्षभर ठेवावेत. ऑगस्ट २०१९ पासून त्यांची किंमत पॅडमागे १ रुपया आहे. त्याच किमतीला ते विकावेत, आणण्याचा खर्च आणि दुकानदार बाईंचा मोबदला मंडळाने सोसावा, आणि जिला तेवढेही परवडत नाही तिला बाईंनी गाजावाजा न करता द्यावेत.

प्रतिसाद : परदेशीपुरा

ताई, आपली तळमळ पोचली, परंतु मी या प्रस्तावाच्या विरोधात आहे. पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्येच रद्द झाला. साबण आणि टूथपेस्टवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने सातवी ते बारावीच्या सुमारे १९ लाख विद्यार्थिनींच्या खात्यांत पॅडसाठी प्रत्येकी ३०० रुपये थेट जमा केले. सर्वोच्च न्यायालयाने तर एप्रिल २०२३ मध्येच शाळकरी मुलींच्या पाळीतील स्वच्छतेसाठी देशभर एकसमान धोरण आखण्यास केंद्राला सांगितले आहे. हे सर्व शासनाचे कर्तव्य असताना मंडळाने वर्गणीतून ते उचलले, तर उद्या शासकीय कार्यालयातून ‘तुमच्याकडे तर मंडळ देतेच’ असे उत्तर मिळेल, आणि ज्या वस्तीत मंडळ नाही तिथल्या मुलींचा हक्क मात्र तसाच मागे पडेल.

प्रतिसाद : मालव-कन्या

३०० रुपयांचाच हिशेब करू. पाळीला बारा पॅड धरले तर वर्षाला दीडशेच्या आसपास लागतात. एक रुपयाचे पॅड हाताशी असेल, तर ही रक्कम पुरून उरते. पण दुकानात तोच पॅड सहा रुपयांना पडत असेल, तर वर्षाचा खर्च नऊशेवर जातो आणि सरकारी मदत चार महिन्यांत संपते. म्हणजे सरकारने दिलेला पैसा कामी यावा यासाठीच स्वस्त माल वस्तीत मिळायला हवा, आणि नेमकी तीच जागा मी मंडळाला भरायला सांगत आहे. शिवाय ही रक्कम शाळेत नाव असलेल्या मुलींसाठी आहे. शाळा सुटलेल्या मुलीचे, धुणीभांडी करणाऱ्या तिच्या आईचे काय? त्यांच्यापर्यंत करकपातही पोचत नाही, कारण त्या मुळात पॅड विकत घेतच नाहीत.

प्रतिसाद : नर्मदातीर

माझा आक्षेप वेगळा आहे. आपले शहर कचरा सहा प्रकारांत वेगळा करते, त्यात पॅड आणि डायपर यांचा स्वतंत्र कप्पा आहे, तरीही वस्तीत पॅडचा खप वाढवताना त्याची विल्हेवाट कोण, कुठे लावणार याचा विचार प्रस्तावात नाही. केरळात आलप्पुळा येथे २०१९ मध्ये ५००० मेन्स्ट्रुअल कप (पाळीत शरीराच्या आत बसवायचे, धुऊन पुन्हा वापरायचे छोटे पेले) मोफत वाटले गेले. एक कप अनेक वर्षे टिकतो; मग निधी त्यावर का लावू नये?

प्रतिसाद : मालव-कन्या

विल्हेवाटीचा मुद्दा मान्य आहे. पॅड गुंडाळायला कागद द्यावा लागेल आणि कचरागाडीवरच्या माणसाशी बोलावे लागेल. कप मात्र प्रत्येक पाळीनंतर उकळावा लागतो. जिथे एका खोलीत सहा माणसे राहतात, चूल सासूच्या ताब्यात असते आणि नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते, तिथे सून तो कोणत्या भांड्यात आणि कुणासमोर उकळणार? कापडाचेही तसेच आहे : ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवले तर निर्धोक असते, पण वस्तीतली बाई ते दोरीवर उघडे टाकत नाही, ओल्या कोपऱ्यात दुसऱ्या कपड्याखाली लपवते. जिला कप हवा तिला तो जरूर मिळावा. निवड तिचीच असावी.

प्रतिसाद : परदेशीपुरा

शाळा सुटलेल्या मुलींविषयीचे आपले म्हणणे मला खोडता येत नाही. तरीही माझी अट आहे. प्रयोग एकाच वस्तीत आणि पुढच्या गणेशोत्सवापर्यंतच व्हावा, त्याचा जमाखर्च मंडळाच्या सभेत वाचला जावा, आणि त्याच सभेत शाळेबाहेरच्या मुलींनाही ३०० रुपयांच्या योजनेत घ्यावे असे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचा ठराव व्हावा. निवेदनाचा मसुदा मी लिहून देईन. पण ठरावाविना निधी देण्यास माझा विरोध कायम राहील.