किल्ल्यावरच्या मावळ्यांसाठी मोजकेच रंग घ्यायचे तर कोणते?

दर्यावर्दी_देवगड
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या किल्ल्यासाठी २८ मिमीच्या रेझिनच्या साठेक आकृत्या रंगवायच्या आहेत. त्यात मावळे, चार घोडेस्वार, थोडे खलाशी आणि एक गुराब (शिडाचं लढाऊ जहाज) आहे. मागे जांभ्याच्या चिऱ्याची तटबंदी येणार. तीस-चाळीस बाटल्यांचा सेट परवडत नाही, सहा-सात रंगांत भागवायचं आहे. लाल-पिवळा-निळा-पांढरा घेतला की सगळं जमतं म्हणतात, ते एवढ्या लहान आकृतीवर चालतं का? साठ जणांत भगवा एकसारखा कसा राहील? आणि श्रावणात प्रायमर मारावा का?

रंगारी_रत्नागिरी
कागदावर चालतं, आकृतीवर अडतं. मिश्रण होतं, पण शुद्ध पिवळा, मजेंटा आणि फ्थॅलो निळा हे तिन्ही रंग पारदर्शक. खालचं झाकायला चार-चार हात द्यावे लागतात आणि तेवढ्यात मुंडाशाच्या घड्या नि बोटांच्या फटी बुजतात. म्हणून पाया मातीच्या रंगांचा ठेवा, ते दोन पातळ हातांत झाकतात.

माझी यादी (सगळे ॲक्रेलिक, कंसात रंगद्रव्याचा क्रमांक): टायटॅनियम व्हाइट (पीडब्ल्यू ६), यलो ऑकर (पीवाय ४२), रेड ऑक्साइड (पीआर १०१), बर्न्ट अंबर (पीबीआर ७), अल्ट्रामरिन (पीबी २९), मध्यम पिवळा (पीवाय ७४), मजेंटा (पीआर १२२). एकूण सात. पांढरा दुप्पट घ्या, तोच आधी संपतो.

ट्यूबवरच्या नावापेक्षा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेला रंग बहुधा दोन-तीन रंगद्रव्यांचं मिश्रण असतो. असे दोन रंग एकमेकांत घातले की पाच-सहा रंगद्रव्यं एकत्र येतात आणि हाती चिखल लागतो.

काळा मुद्दाम घेतलेला नाही. अल्ट्रामरिन आणि अंबर समसमान घातले की जवळजवळ काळा होतो. अंबर वाढवला तर घोड्याची आयाळ, निळा वाढवला तर ढालीचं कातडं. बाटलीतला काळा सावलीत घातला की भगवा मळकट दिसतो आणि पिवळा चक्क हिरवट होतो.

जांभा: रेड ऑक्साइड ३, ऑकर २, अंबर १. हा ताज्या कापलेल्या चिऱ्याचा रंग. पावसाळे खाल्लेल्या तटासाठी त्यावर अंबर-अल्ट्रामरिनचं पाण्यासारखं पातळ मिश्रण सोडा, ते भोकांत बसू द्या आणि सुकल्यावर ऑकर-पांढऱ्याचा, पुसून जवळजवळ कोरडा केलेला ब्रश फक्त कडांवर फिरवा. शेवाळाला ऑकरमध्ये किंचित अल्ट्रामरिन पुरे. झगझगीत हिरवा लावलात तर भिंत प्लॅस्टिकची वाटेल.

तळकोकणी_कुंचला
यादी पटली, पण मजेंटा का? मावळ्यांत जांभळा लागतोय कुठे? त्याऐवजी पायरॉल ऑरेंज (पीओ ७३) घ्या. मजेंटा-पिवळ्यातून केलेल्या भगव्यापेक्षा तो बराच झाकतो आणि साठ आकृत्यांना प्रमाण मोजत बसायला नको. लाल पागोट्याला त्यात रेड ऑक्साइड घातला की काम झालं.

रंगारी_रत्नागिरी
फक्त मावळे असते तर मान्य. पण गुराबीवरचे खलाशी, गुलबट पागोटी, घोड्याची झूल यांना थंड, म्हणजे निळसर झाक असलेला लाल लागतो आणि तो ऑरेंजमधून निघत नाही. बजेट आठ रंगांचं असेल तर दोन्ही घ्या.

साताचंच असेल तर भगवा असा करा. आधी ऑकर २, रेड ऑक्साइड १, पांढरा १ असा अपारदर्शक हात. त्यावर पिवळा ५ ला मजेंटा १ या प्रमाणाचे दोन पातळ हात. मजेंटा जोरकस असतो, म्हणून पिवळ्यात मजेंटा थेंबाथेंबाने घालायचा, उलट नाही. सावलीला याच मिश्रणात रेड ऑक्साइड, उजेडाला पिवळा. उजेडाला पांढरा घातलात तर भगवा गुलाबीकडे झुकतो.

एकसारखेपणासाठी सगळ्यांचा भगवा एकाच वेळी घोटून रिकाम्या ड्रॉपर बाटलीत भरा. एका आकृतीच्या कपड्याला थेंब-दोन थेंब लागतो, त्यामुळे दहा मिली भरपूर. हलवायला आत टाकायची गोळी स्टेनलेस स्टीलचीच हवी, साधी लोखंडी गंजून रंग तपकिरी करते. ॲक्रेलिक सुकल्यावर थोडा गडद होतो, तेव्हा पुठ्ठ्यावर लावून, सुकवून मगच प्रमाण पक्कं करा.

दर्यावर्दी_देवगड
दोघांचेही आभार. ऑरेंजसकट आठ घेतो. कातडी मात्र नीट जमत नाही, उजळ करायला पांढरा घातला की चेहऱ्याला पावडर फासल्यासारखी दिसते. आणि घरात पोस्टर कलर पडून आहेत, ते पहिल्या हाताला चालतील का?

तळकोकणी_कुंचला
टायटॅनियम व्हाइटचा तो स्वभावच, रंगाचा कस मारतो. ऑकर २, रेड ऑक्साइड १, अंबर १ ही मूळ कातडी. उजेडाला आधी फक्त ऑकर वाढवा, पांढरा शेवटी नाकाच्या शेंड्यावर आणि गालाच्या हाडावर, तोही ऑकरमध्ये मिसळून. डोळ्यांच्या खोबणीत अंबरमध्ये मजेंटाचा कण. खलाशांना अंबर जास्त, उन्हात रापलेले असतात ते.

पोस्टर कलर नको. ते डिंकावर बांधलेले असतात, वरून ओला हात दिला की खालचा उठून येतो. शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरतात.

जेटीवरचा
प्रायमरचं कुणी बोललं नाही. श्रावणात स्प्रे अजिबात नको. हवेतला ओलावा धरून थर खरखरीत बसतो आणि शेवटचं मॅट वार्निश स्प्रेने मारलंत तर पांढरी साय चढते. ब्रशने लावायचा ॲक्रेलिक प्रायमर घ्या, दोन पातळ हात द्या आणि मध्ये रात्रभर सुकू द्या. त्याआधी रेझिन भांड्याच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासून धुवा. थ्रीडी प्रिंटच्या आकृत्या असतील तर बोटाला चिकट लागतात का ते पाहा. लागत असतील तर यूव्ही दिव्याखाली पुन्हा ठेवा, पावसाळ्यातल्या उन्हाच्या भरवशावर राहू नका.

वेट पॅलेटला (ओल्या स्पंजावर कागद ठेवून रंग ओला ठेवायची थाळी) बेकरीवाल्यांचा बेकिंग पेपर वापरा. स्टेशनरीच्या दुकानातला बटर पेपर भिजून फुगतो. पावसाळ्यात स्पंज कुबट होतो, तो एक दिवसाआड धुवा. ऑक्टोबरच्या उकाड्यात उलट होतं, रंग ब्रशच्या टोकावरच सुकतो. तेव्हा पाण्यात रिटार्डरचे (रंग सुकणं लांबवणारं द्रव) दोन-तीन थेंब टाका. जास्त पडला तर थर दिवसभर चिकट राहतो.

उजेडाचंही बघा. रंगवाल पांढऱ्या एलईडीखाली आणि किल्ला पाहिला जाणार पणत्या नि पिवळ्या माळांच्या उजेडात. त्यात भगवा खुलतो, पण अल्ट्रामरिन काळपट पडतो. निळ्या अंगरख्यांत सुरुवातीलाच चौथा हिस्सा पांढरा घाला आणि एक आकृती पणतीजवळ धरून बघितल्याशिवाय बाकीच्या हाती घेऊ नका.

तलवारी नि भाल्यांसाठी चंदेरीची बाटली वेगळी लागेल, ती या रंगांतून होत नाही. तिचा ब्रश आणि पाण्याचा पेलाही वेगळा ठेवा, नाहीतर चंदेरी कण पुढच्या मावळ्याच्या चेहऱ्यावर चमकतात.