प्रतिसाद: मॅटप्लॉटलिबची मूळ शैली बदलताना मराठी अक्षरे

पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबविषयी वरच्या लेखात दोन मते मांडली आहेत. प्रत्येक स्क्रिप्टच्या आरंभी आरसीपॅराम्स (आलेखाच्या रूपाच्या सेटिंग) लिहिण्यापेक्षा सगळी शैली एका एमपीएलस्टाइल फाइलमध्ये, म्हणजे अशा सेटिंग साठवणाऱ्या फाइलीत, ठेवावी, हे पहिले मत मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्याच फाइलीत फॉन्ट बदलला की आलेखातली मराठी अक्षरे नीट दिसण्याचा प्रश्न मिटतो, हे दुसरे मत अर्धेच खरे आहे. मूळ फॉन्ट डेजावू सॅन्समध्ये देवनागरी नसल्यामुळे नुसते चौकोन उमटतात आणि नोटो सॅन्स देवनागरी दिल्यावर ते जातात, हे खरे. पण माझ्याकडच्या ३.८ आवृत्तीत अक्षरांची जुळणी, म्हणजे वेलांट्या व जोडाक्षरे योग्य जागी बसणे, फॉन्ट बदलून होत नाही. तिच्यात अक्षावर ‘किंमत’ लिहिले, तेव्हा ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर आली, आणि ‘क्षेत्र’मधले जोडाक्षर फुटून पाय मोडलेला ‘क’ व सुटा ‘ष’ असे दिसू लागले. अहवालात असा आलेख देणे मला तरी पटत नाही.

यावर मला उपयोगी पडलेला मार्ग म्हणजे आलेख पीजीएफ बॅकएंडने (मॅटप्लॉटलिबमधल्या, लाटेक्कच्या मदतीने आलेख जतन करणाऱ्या भागाने) जतन करणे, कारण तेव्हा मजकूर झीलाटेक्क या अक्षरजुळणी करणाऱ्या प्रणालीकडे जातो आणि जोडाक्षरे नीट जुळतात. त्यासाठी शैलीच्या फाइलीत पीजीएफचा आरसीफॉन्ट्स हा (मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगमधले फॉन्ट लावणारा) पर्याय बंद करावा आणि प्रिअँबलमध्ये, म्हणजे झीलाटेक्कला आरंभी दिल्या जाणाऱ्या सूचनांत, फॉन्टसोबत देवनागरी लिपीचा स्पष्ट उल्लेख करावा. हा उल्लेख करायचा राहून गेला, तर वेलांटी पुन्हा चुकीच्या जागी जाते.