अनुभव धागा: गुडघेबदलाच्या कागदावर नसलेल्या गोष्टी

ऑपरेशन ठरलं की हॉस्पिटलमधून छापील कागद मिळतो: रक्ततपासणी, ईसीजी, एक्स-रे, उपाशी कधीपासून राहायचं. त्या कागदावर नसलेलं आणि नेमकं घरी अडणारं जे असेल, ते इथे लिहा. मापं लिहा, तास लिहा, काय चुकतं आणि का चुकतं ते लिहा. डॉक्टर कोण, हॉस्पिटल कुठलं, हे नको. गोळी चालू-बंद करण्याचा निर्णय ज्याच्या-त्याच्या सर्जनचाच.

घरी शुश्रूषा करणारा

टेप घेऊन आधी बाथरूमचं दार मोजा. साधा घडीचा वॉकर उघडल्यावर २० ते २४ इंच रुंद होतो. जुन्या इमारतींत चौकट वगळून दाराची मोकळी जागा जेमतेम तेवढीच असते. मग पेशंट दाराशी वॉकर सोडतो, चौकट धरतो आणि ओल्या फरशीवर पाय टाकतो. घरातल्या पडण्याची सगळ्यात धोक्याची जागा हीच. वॉकर घेतानाच अरुंद मापाचा मागा. नाहीतर महिनाभर दार बिजागरीतून काढून पडदा लावा. टॉवेलची दांडी धरायला देऊ नका. ती दोन बारीक स्क्रूंवर असते, माणसाच्या वजनाने टाइलसकट निघते. धरायला वेगळा ग्रॅब बार हवा, तोही भिंतीत खोल बसवलेला.

बसण्याची उंची अशी काढा: उभं राहून जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत मोजायचं आणि त्यात दोन इंच मिळवायचे. दिवाण, सोफा आणि बरेचसे कमोड याखाली येतात. कमोडवर उंच सीट किंवा चार पायांचं कमोड स्टूल लागतं. पलंग उंच करायला विटा लावू नका, त्या सरकतात. खाचेचे लाकडी ठोकळे करून घ्या. खुर्ची हातांची आणि जड हवी. प्लॅस्टिकच्या हलक्या खुर्चीचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात, नेमके उठताना जोर दिला की.

दोन्ही हात वॉकरवर असतात, म्हणजे मोबाइल, पाण्याची बाटली, चष्मा न्यायचा कसा? वॉकरच्या पुढच्या दांडीला कापडी पिशवी बांधा. पायपुसणी सगळी उचला. गाऊन किंवा साडी घोट्याच्या वर राहू द्या.

आणि जुन्या चपला टाकून द्या. बाक आलेल्या पायांच्या चपला बाहेरच्या कडेने झिजलेल्या असतात. सरळ झालेला पाय त्यात घातला की तो पुन्हा बाहेर कलतो. मागे पट्टा असलेली, रबरी तळाची नवी सँडल आणा. थोड्या मोठ्या मापाची घ्या, कारण पाऊल सुजणार आहे.

ऑर्थो वॉर्डातली सिस्टर

ऐनवेळी ऑपरेशन पुढे ढकललं जातं ते बहुधा गुडघ्यामुळे नाहीच. पायाच्या बोटांतल्या चिखल्या, टाचेची खोल भेग, किडलेली दाढ, लघवीतलं इन्फेक्शन, वाढलेली साखर, ही कारणं असतात. कुठूनही जंतू रक्तात गेले की ते गुडघ्यात बसवलेल्या धातूवर जाऊन बसू शकतात, आणि तिथून त्यांना काढणं फार अवघड. म्हणून दाताचं काम आधीच उरका, बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या करा. पायाचे केस घरी रेझरने काढू नका. बारीक कापतं आणि तिथेच जंतू वाढतात. लागलेच तर हॉस्पिटलात क्लिपरने काढतात.

हातातल्या बांगड्या आणि अंगठी घरीच काढून या. हात सुजला तर कापाव्या लागतात. आडवं पडून लघवीचं भांडं वापरायची सवय चार दिवस आधी करा. वॉर्डात लाजेपायी बायका पाणी प्यायच्या थांबतात. पुरुषांनी प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधीच सांगावा, कमरेतल्या भुलीनंतर लघवी अडू शकते.

भूलतज्ज्ञ

दोन गोष्टी लिहितो.

मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं नाव आहे का, पाहा. या गटातल्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. उपासात त्यांच्यामुळे रक्तात आम्ल वाढू शकतं, तेही साखर फारशी वाढलेली नसताना, म्हणून पटकन ध्यानात येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांइतकंच हे सांगणं महत्त्वाचं. काढे आणि लसणीच्या कॅप्सूलही सांगा.

दुसरी गोष्ट नर्व्ह ब्लॉकची. मांडीत दिलेल्या इंजेक्शनमुळे पहिला दिवस बरा जातो आणि घरचे म्हणतात, काही दुखतच नाही. ब्लॉक उतरला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वेदना चढते. काहीतरी बिघडलं म्हणून सगळे घाबरतात. हे अपेक्षित असतं. गोळी घड्याळाप्रमाणे घ्या, कळ उठायची वाट पाहू नका. मात्र दोन वेगळ्या पाकिटांत पॅरासिटामॉल असू शकतं, ट्रामाडॉल या जास्त कडक वेदनाशामकाच्या जोडगोळीतही असतं. दिवसाची बेरीज करून डॉक्टरांना दाखवा. ट्रामाडॉलने बद्धकोष्ठ होतं, त्यामुळे पाणी आणि सांगितलेलं रेचक पहिल्या दिवसापासून हवं.

घरोघरी जाणारी फिजिओथेरपिस्ट

लोक विचारतात, किती वाकतो? मी विचारते, किती सरळ होतो? पाय पाच-दहा अंश जरी वाकलेला राहिला तरी चालताना मांडीचा स्नायू सतत ताणलेला राहतो, लंगड जात नाही, दुसरा गुडघा आणि कंबर भरते.

आणि याचं मूळ घरातल्या मायेत असतं. पेशंट कण्हतो, कुणीतरी गुडघ्याखाली उशी सरकवतं, बरं वाटतं. त्याच अवस्थेत सांध्याचं मागचं आवरण आखडत जातं. उशी टाचेखाली द्या, गुडघा अधांतरी राहू द्या. दहा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. तपासायचं असं: कडक गादीवर पाय लांब करून गुडघ्यामागे तळहात सरकवायचा. हात सहज आरपार गेला तर पाय अजून सरळ नाही. मग मांडी आवळून गुडघ्याने तोच हात गादीत दाबायचा, पाच सेकंद धरायचं, सोडायचं. दहा वेळा.

वाकवण्यासाठी खुर्चीवर बसून टाच फरशीवरून मागे सरकवायची. पायमोजा घाला, फरशीवर पाय सरकतो. दोन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास यावं, तीन महिन्यांत ११० ते १२०. सहा-आठ आठवडे झाले तरी ९० ला अडकलं असेल तर सर्जनला लवकर दाखवा. भूल देऊन वाकवण्याचा उपाय वेळेतच लागू पडतो.

व्यायाम वेदनेची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने करा. संध्याकाळी सूज वाढली आणि सकाळी गुडघा जास्त आखडला, तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा, बंद करू नका. शेक नको, बर्फ हवा: कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं. गुडघ्याची बाहेरची बाजू बधिर असते, उघडा बर्फ भाजला तरी कळत नाही. मालिशवाल्या बाईंना या काळात बोलावू नका. पोटरीत रक्ताची गुठळी असेल तर चोळणं धोक्याचं.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. काठी ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या हातात. हे ऑपरेशनच्या आधीच घोकून घ्या.

दोन्ही गुडघे बदललेली

ज्यांची भीती वाटते पण ज्यात बहुधा घाबरण्यासारखं नसतं, अशा गोष्टी: तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळंनिळं पोटरीतून घोट्यापर्यंत उतरणं. चालताना टक् असा आवाज. गुडघा हाताला काही महिने कोमट लागणं. व्रणाबाहेर बधिर चकती, जी लहान होते पण पूर्ण जाईलच असं नाही. सहा-आठ आठवडे तुटक झोप. विमानतळावर यंत्र वाजणं. गुडघ्यात धातू आहे असं आधीच सांगावं.

मेडिक्लेम पाहणारा

पॉलिसीत सांधेबदलाला वेगळा प्रतीक्षाकाळ असतो, बऱ्याचदा दोन वर्षांचा. तारीख घेण्याआधी तो वाचा. ऑगस्ट २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्याच्या, किमतींवर सरकारी मर्यादा आहे. बिलात प्रत्येक भाग, कंपनी आणि बॅच नंबर वेगळा लिहून घ्या. इम्प्लांटचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून त्याचा फोटो ठेवा; पुढे कधी भाग बदलायची वेळ आली तर ते लागतात.

सिस्टर, पुन्हा

राहिलं ते लिहिते. पट्टी आठवड्यानंतरही भिजत असेल, लाली पसरत असेल, तर जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करू नका, थेट सर्जनकडे जा. आधीच औषध पोटात गेलं की गुडघ्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाही आणि उपचार भरकटतो. एकाच पोटरीत नवी सूज आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप लागली तर थेट इमर्जन्सीत जा.

फिजिओथेरपिस्ट, मांडी घालण्याबद्दल विचारलंय म्हणून

रोज मांडी घालू नका, भारतीय संडास तर नकोच. पण जमिनीवरून उठता येणं शिकून घ्यायला हवं, कारण कधीतरी पाय घसरतोच. जखम पूर्ण भरली आणि सर्जनने होकार दिला की कुणीतरी शेजारी असताना सराव करा. जड खुर्ची भिंतीला टेकवायची, गुडघ्यांखाली गोधडीची जाड घडी घ्यायची, दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर रोवायचे, जास्त ताकदीचा पाय पुढे टाकायचा आणि हातांवर भार देत उठायचं.