क्यूआर कोड हवाच, पण त्यात दुकानाचा पत्ता नको

वर एकांनी विचारलंय, कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, मग चपलेवर क्यूआर कोड कशाला? जीआय सांगतं ते मुलखाचं: महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे. माझ्या पायातला जोड कुणी शिवला, कातडं कशात कमावलं, हे त्यातून कळत नाही. उभ्या रेघांच्या नेहमीच्या बारकोडातही फक्त मालाचा नंबर असतो.

मागच्या महिन्यात एका दुकानातून जोड घेतला. आतल्या तळाला कोड होता. स्कॅन केला तर दुकानाचा पत्ता आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर, बस्स! आठवड्याभरात टाचेखाली घासून तोही पुसट झाला. फार वाईट वाटलं. सांगण्यासारखं किती होतं! बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीची शिवण, एक खिळा नाही, झिजली तर तळ बदलून पुन्हा वापरता येते.

युरोपात वस्तूंचा डिजिटल पासपोर्ट, म्हणजे वस्तू कशाची आणि कशी बनली याची कोड स्कॅन करून दिसणारी नोंद, येतोय, त्याचा कायदा 2024 चा. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना तर फेब्रुवारी 2027 पासून तो सक्तीचा आहे. आपल्याकडे सक्तीची वाट कशाला बघायची?

फक्त ही माहिती व्यापाऱ्यानं भरू नये. कोल्हापूरच्या सुभाषनगरात घरी बसून चप्पल शिवणाऱ्या कारागिराला मराठीत बोलून भरता आली पाहिजे, आणि त्याचे पैसे त्याच्याकडून घेऊ नयेत. कोड टाचेखाली न छापता अंगठ्याजवळच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला दाबून उमटवला तर टिकेल का, हे इथल्या जाणकारांनी सांगावं.