कुत्री, पायवाट आणि समुपदेशक : उपचार नेमका कोण करतो?

सावली (धागाकर्ती)

समुपदेशन म्हटले की बंद खोली, समोरासमोर दोन खुर्च्या आणि मधल्या टेबलावर टिशूंचा डबा हे चित्र डोळ्यांसमोर येते. या मांडणीत गुप्तता राखता येते हे खरे, परंतु ज्याला कोणाच्या नजरेला नजर देणेच जड जाते, त्याला आपण पहिल्याच दिवशी नेमके तेच करायला बसवतो. मी व्यवसायाने समुपदेशक आहे. काही सल्लार्थींची, म्हणजे समुपदेशनासाठी येणाऱ्यांची, सत्रे मी झाडीतल्या पायवाटेवर चालत घेते, तर काहींच्या सत्रात एक प्रशिक्षित कुत्री आणि तिला सांभाळणारी व्यक्ती सोबत असते. हे सारे नवे फॅड असल्याचा आक्षेप वारंवार कानावर येतो, म्हणून माझी बाजू मांडते.

नवे म्हणावे, तर यॉर्क येथे १७९६ मध्ये सुरू झालेल्या ‘रिट्रीट’मध्ये मनोरुग्णांना साखळदंडांऐवजी बाग, फेरफटका आणि पाळीव ससे-कोंबड्यांचा सहवास मिळत असे. बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकी बाल-मानसशास्त्रज्ञाकडे आणलेला एक अबोल मुलगा त्यांच्या ‘जिंगल्स’ या कुत्र्याशी खेळता खेळता हळूहळू त्यांच्याशीही मोकळा झाला. लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये कुत्र्याला ‘सह-उपचारक’ म्हणून लेख लिहिला; त्या सुमारास सहव्यावसायिकांनी त्यांची थट्टाही केली.

माझ्या कामातला एक प्रसंग पुरेसा बोलका आहे. रागाच्या भरात वस्तू फेकणारा एक मुलगा कुत्रीच्या अंगावरून ब्रश फिरवत असतो. केसांत गुंता लागला की ओढायचे की बोटांनी सोडवायचे, हे त्याचे त्याला ठरवावे लागते. त्याने ओढले की ती गुरगुरत नाही, उठते आणि चार पावले लांब जाऊन बसते. तो थांबतो, हात हलका करतो, आणि थोड्या वेळाने ती परत येते. तेव्हा मी एवढेच विचारते, ‘ती का उठली असेल?’ या प्रश्नाच्या उत्तरात तो घरातल्या माणसांबद्दल जे सांगतो, ते ‘तुला राग आला की तू काय करतोस?’ या थेट प्रश्नाला महिनोन्‌महिने सांगत नाही.

चालण्याचेही तसेच आहे. शेजारी-शेजारी चालताना शांतता अवघड वाटत नाही, आणि ‘त्या झाडापाशी जरा थांबू या’ असे सल्लार्थी म्हणाला, तर त्या सत्राचा वेग त्याने स्वतः ठरवलेला असतो. असहायतेने ग्रासलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

कसोटी

प्रसंग हृद्य आहे, पण प्रसंग म्हणजे पुरावा नव्हे. निसर्गाच्या बाजूने हटकून पुढे केला जाणारा दाखला म्हणजे रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास नेटका होता, पण रुग्ण ४६, रुग्णालय एक, आणि विषय शस्त्रक्रियेनंतरची प्रकृती. त्यावरून नैराश्याच्या उपचाराबद्दल काय सांगता येते? दुसरा दाखला २०१५ चा. नव्वद मिनिटे निसर्गात चाललेल्या लोकांमध्ये, रहदारीच्या रस्त्याकडेने चाललेल्यांच्या तुलनेत, त्याच त्या विचारांचे रवंथ कमी झाले आणि मेंदूतील संबंधित भागाची सक्रियताही घटली. मात्र त्यात सहभागी झालेली ३८ माणसे मानसिकदृष्ट्या निरोगी होती. आठवड्याला १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांची प्रकृती चांगली असते, हा २०१९ चा निष्कर्ष इंग्लंडमधील जवळपास वीस हजार लोकांच्या पाहणीतून आला. पण निसर्गामुळे प्रकृती सुधारते की धडधाकट माणसेच जास्त बाहेर पडतात, हे तशा पाहणीतून ठरत नाही.

कुत्र्यांबाबत अडचण याहून मोठी आहे. अशा अभ्यासात नाव नोंदवणारे बहुधा आधीच कुत्र्यांवर प्रेम करणारे असतात. औषधाच्या चाचणीत तुलनेसाठी खऱ्या गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते. कुत्र्याच्या जागी काय देणार? आपल्याला कुत्रा मिळाला आहे हे सहभागी माणसाला कळतेच, आणि बरे वाटेल ही अपेक्षा त्याच्यासोबत खोलीत येते. डॉल्फिनच्या सहवासातील उपचारांचे अभ्यास लोरी मरिनो आणि स्कॉट लिलिएनफेल्ड यांनी तपासले, तेव्हा त्यांच्या रचनेतच इतके दोष निघाले की दाव्यांना आधार उरला नाही. कुत्रा डॉल्फिनपेक्षा गोड, सुलभ आणि स्वस्त आहे म्हणून त्याला ही कसोटी माफ होत नाही.

माझी खरी भीती वेगळी आहे. चिंताविकारावर बोधात्मक वर्तनोपचारासारखी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी, ‘सीबीटी’) पारखलेली पद्धत उपलब्ध असताना एखादा माणूस सहा महिने पायवाटेवर चालत राहिला, तर त्याचे बरे होणे सहा महिने लांबले.

पालवी

कसोटी, ‘कुत्र्याच्या जागी काय देणार’ या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न झालेला आहे. आंद्रेआ बीट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जवळच्या माणसांवर विसंबणे ज्यांना अवघड जाते अशा मुलांना ताण येईल असे काम दिले. कोणासोबत खरा कुत्रा होता, कोणासोबत प्रेमळ मोठी व्यक्ती, तर कोणासोबत खेळण्यातला कुत्रा. कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक खऱ्या कुत्र्यासोबतच्या मुलांमध्ये सर्वांत कमी राहिले, आणि ज्यांनी कुत्र्याला जास्त कुरवाळले त्यांच्यात ते आणखी कमी होते. मोठ्या माणसाच्या प्रेमळ शब्दांनी ते साधले नाही, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण ज्या मुलाला माणसांनीच दुखावले आहे, त्याला आणखी एक प्रेमळ माणूस म्हणजे आणखी एक धोका वाटू शकतो.

शिवाय २००७ मध्ये जेनेल निमर आणि ब्रॅड लुन्डाल यांनी ४९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, त्यात मध्यम स्वरूपाचा लाभ दिसला होता. मध्यम लाभ म्हणजे चमत्कार नव्हे, पण शून्यही नव्हे.

कसोटी

दाखला योग्य आहे आणि त्याचे वजन मला मान्य आहे. तरीही तो ताणाच्या एका प्रसंगापुरता आहे. एका दुपारी कॉर्टिसॉल कमी राहणे आणि तो मुलगा वर्षभराने माणसांवर विश्वास ठेवू लागणे यांत मोठे अंतर आहे. त्या ४९ अभ्यासांतही प्राणी, आजार, वये आणि कालावधी यांची सरमिसळ आहे. त्यांच्या सरासरीवरून सावली यांच्या सत्रातल्या मुलाबद्दल फारसे काही हाती लागत नाही.

मोकळा पट्टा

दोन्ही बाजू माणसाला काय मिळते यावरच भांडत आहेत. मी कुत्र्यांना या कामासाठी तयार करतो, म्हणून तिसरी बाजू मांडतो. वर सावली यांनी ब्रशचा प्रसंग सांगितला. त्यांना त्यात मुलाचे शिकणे दिसले. मला दिसले ते असे की एका मुलाचा हात हलका व्हावा म्हणून कुत्रीचे केस ओढले गेले. ती शांतपणे उठून गेली याचे कौतुक करण्याआधी, उठण्यापूर्वी तिने काय काय सांगितले होते, ते कोणी पाहिले का?

कुत्रा गुरगुरण्याच्या कितीतरी आधी बोलत असतो. झोप आलेली नसताना तो जांभई देतो. समोर खाणे नसताना जिभेने नाक-ओठ चाटतो. मान वळवतो, पण डोळे माणसावरच ठेवतो आणि डोळ्यांच्या कडेला पांढरी कोर दिसते. मिठी सुटल्यावर अंग भिजलेले नसतानाही सगळे अंग झाडतो. गळ्यात पडलेल्या मुलाचा फोटो पाहून लोक विरघळतात, आणि त्याच फोटोत कुत्र्याचे कान मागे पडलेले आणि तोंड घट्ट मिटलेले असते. या खुणा दुर्लक्षिल्या गेल्या की कुत्रा एक तर त्या देणे सोडतो, नाहीतर थेट दात लावतो. पहिल्या प्रकाराला लोक ‘किती गुणी आहे’ म्हणतात.

म्हणून माझ्या काही अटी आहेत आणि त्यांवर मी तडजोड करत नाही. समुपदेशकाने एकाच वेळी सल्लार्थीकडे आणि कुत्र्याकडे लक्ष द्यायचे ही कल्पना मुळात चुकीची आहे. कुत्र्यासाठी स्वतंत्र माणूस हवाच. खोलीत कुत्र्याची अशी जागा हवी की तिथे तो गेला तर कोणीही, लहान मूलसुद्धा, मागे जाणार नाही. सत्रे लहान हवीत आणि मधे खरी विश्रांती हवी. त्याने यायला नकार दिला तर त्या दिवशी तो येणार नाही, मग भेट कितीही आधी ठरलेली असो. मानव-प्राणी संबंधांवर काम करणाऱ्या ‘आयएएचएआयओ’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही प्राण्याचे हित ही पूर्वअट मानली आहे. सल्लार्थी संमतिपत्रावर सही करतो. कुत्र्याची सही फक्त त्याच्या पायांत असते.

सावली

आपला रोख समजला. ब्रश मऊ दातांचा असतो, कुत्रीला उठून जायला मुद्दाम शिकवलेले आहे, आणि तिला सांभाळणारी व्यक्ती हातभर अंतरावर बसलेली असते. दुसऱ्यांदा ओढले तर ब्रश बाजूला ठेवला जातो. तिचे उठून जाणे हाच त्या सत्राचा गाभा आहे. ‘नाही’ म्हटल्यावर मार न खाता निघून जाता येते, हे त्या मुलाने आयुष्यात फारसे पाहिलेले नाही. तिला जाता येत नसते, तर मी तिला तिथे बसवलेच नसते.

उंबरठा

व्यावहारिक बाजू कोणीच घेतलेली नाही. लहानपणी कुत्रा चावलेल्या माणसाला, केसांची ॲलर्जी असलेल्याला, किंवा केमोथेरपीमुळे प्रतिकारशक्ती घटलेल्याला स्वागतकक्षातच कुत्रा दिसला, तर तो आल्या पावली परतेल आणि कारणही सांगणार नाही. उघड्यावरच्या सत्राचे प्रश्न निराळे. समोरून ओळखीचे कोणी आले, तर हा कोण म्हणून सांगायचे? मुख्य रस्त्यापासून लांब असताना सल्लार्थीला पॅनिक अटॅक आला तर काय? शिवाय सोबत चालताना नाते मैत्रीकडे झुकते. ज्याला मर्यादांचाच त्रास आहे, अशा माणसासाठी खुर्च्या आणि घड्याळ हा आधारही असतो.

काठावरची

मी अशा सत्रांना सल्लार्थी म्हणून जात होते, म्हणून थोडे लिहिते. कुत्र्यामुळे मी बरी झाले का, ते मला सांगता येणार नाही. कुत्र्यामुळे मी पुन्हा पुन्हा गेले, एवढे नक्की, आणि आधीच्या दोन समुपदेशकांकडे मी दुसऱ्यांदाही गेले नव्हते. पण त्या कुत्र्याला वयामुळे निवृत्त केले, तेव्हा मला कोणीही आधी कल्पना दिलेली नव्हती. एका सत्राला गेले, तर तो नव्हता. माझे मूळ दुखणेच अचानक सोडून जाणाऱ्या माणसांचे होते. कुत्र्याची निवृत्ती ही आगाऊ ठरवता येणारी गोष्ट आहे. तिची तयारी पहिल्या भेटीपासून करायला हवी होती.

कसोटी

काठावरची यांचा प्रतिसाद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो माझ्या बाजूचाही नाही. उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण ही मानसोपचारातली जुनी डोकेदुखी आहे. कुत्र्यामुळे माणसे टिकून राहत असतील, तर तो लाभ मोजता येण्याजोगा आहे आणि त्यासाठी कॉर्टिसॉलही लागत नाही. हजेरीपट पुरेसा आहे. मग सावली यांनी तेवढाच दावा करावा. ‘श्वानोपचार’ अशी पाटी न लावता, पारखलेल्या उपचाराला कुत्र्याची जोड दिली आहे असे सांगावे, आणि प्रत्येक सल्लार्थीच्या नोंदीत कुत्रा कशासाठी आहे आणि तो नसेल तेव्हा काय करायचे, हे लिहून ठेवावे.

सावली

पाटी मी कधी लावली नव्हती, त्यामुळे ती काढण्याचा प्रश्न नाही. उंबरठा यांच्यासाठी : पहिली भेट नेहमी बंद खोलीत, कुत्रीविना होते. भीती, ॲलर्जी आणि आजार तिथेच विचारले जातात. वाटेत ओळखीचे कोणी भेटल्यास काय बोलायचे, हे सल्लार्थी स्वतः आधी ठरवतो, आणि वाट अशी निवडते की मदत लवकर पोहोचावी. कसोटी यांनी सुचवलेल्या नोंदीतला पहिला भाग मी लिहिते. कुत्री नसेल तेव्हाचा भाग आतापर्यंत तोंडीच सांगत आले आहे. तिचे वय पाहता तो या आठवड्यापासून लेखी करते, आणि हजेरीची तुलना करायची तर कुत्री नसलेल्या सत्रांची नोंद कशी ठेवावी, हे कसोटी यांनी सविस्तर लिहावे.