विमान सुटण्याआधी वाइनचा एक ग्लास: चूक काय त्यात?

खिडकीची_जागा
माझं मत आधीच सांगतो. प्यायचीच असेल तर वाइन विमानतळावरच्या वाइन बारमध्ये, नीट बसून, सोबत काहीतरी खात प्यावी. विमानात नाही. केबिनमधली हवा फार कोरडी, आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्याही खाली. नाक सुकलं की वास कळेनासा होतो, आणि वाइनची सगळी गंमत तर वासातच. तीच रेड वाइन वर गेल्यावर नुसती तुरट लागते. अशा बारमध्ये तीन वेगवेगळ्या वाइन थोड्या थोड्या ओतून शेजारी शेजारी ठेवतात, ते मला फार आवडतं. एक घोट, चीजचा तुकडा, पुढचा घोट. सुरक्षा तपासणी उरकलेली असते, कुणाचा फोन नसतो. याला लोक नावं का ठेवतात?

रात्रपाळी
असहमत. जमिनीवर प्यायलात तरी ती पोटात घेऊनच वर जाता ना? केबिनमधला दाब ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका असतो. त्यानेच रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो, त्यात दारूची भर. २०२४ मध्ये 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात जर्मन संशोधकांचा प्रयोग आला होता. साधारण दोन ग्लास वाइनइतकी दारू घेऊन तशा दाबाच्या खोलीत झोपलेल्या निरोगी माणसांचा ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या आसपास आला, नाडी ८८ च्या घरात गेली. निरोगी माणसांची ही गत! मी नर्स आहे. हृदयाचं किंवा फुप्फुसाचं दुखणं असलेल्यांना मी तो एक ग्लाससुद्धा घेऊ देणार नाही.

खिडकीची_जागा
ताई, दुखणं असलेल्यांबद्दल वादच नाही. पण तो प्रयोग दोन ग्लासांचा आणि रात्रीच्या झोपेचा आहे. मी एका ग्लासाबद्दल बोलतोय. १५० मिली वाइन, १३ टक्के अल्कोहोल, म्हणजे जेमतेम १५ ग्रॅम. शरीर तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम निपटतं. पोटात चीज, बदाम असले की ती रक्तात भिनतेही हळू.

मागची_रांग
हिशोब बरोबर आहे, पण विमान वेळेवर सुटलं तरच. मी बरीच वर्षं केबिन क्रूमध्ये होते. उड्डाण दोन तास पुढे गेलं की एकाचे तीन ग्लास होतात. माणूस वाईट नसतो, पण बसायला जागा असते, वेळ जात नसतो आणि समोर ग्लास भरून मिळत असतो. अमेरिकेत तर नियमच आहे, नशेत दिसणाऱ्या प्रवाशाला विमान कंपनीने चढू द्यायचं नाही. तो निर्णय दारात उभं राहून काही सेकंदांत आम्हाला घ्यावा लागतो. चुकला तर पुढचे कित्येक तास बंद केबिनमध्ये बाकीचे प्रवासी भोगतात, शेजारच्या सीटवरचं लहान मूलसुद्धा. बारवाल्याला यातलं काहीच दिसत नाही.

कोरडा_प्रवासी
+१. मी पीत नाही, पण भांडणं सोडवत बसलेला क्रू पाहिलाय.

खिडकीची_जागा
उशिराचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मग बारनेच बोर्डिंग पास बघून ओतावं का? दोन ग्लासांनंतर थांबवावं?

मागची_रांग
थांबवावं. आम्ही केबिनमध्ये थांबवतोच की.

रात्रपाळी
आणि रात्रीच्या विमानाआधी अजिबात नको. एवढं तरी मान्य करा.

खिडकीची_जागा
रात्रीचं मान्य. दुपारच्या विमानाआधी मात्र मी बसणारच, एक ग्लास आणि चीज घेऊन.